मोज्यातला चेंडू

आज मंडईत वालपापडी दिसली. नागपूरच्या बाजारात, पालकाच्या जुड्यांमागे, जराशी सुकलेली. विकणाऱ्या बाईंना विचारलं, कुठली हो? "इथलीच," त्या म्हणाल्या, आणि मी उगाचच हिरमुसले. जणू ती माझ्यासाठी आमच्याकडच्या केळव्याहून गाडीत बसून येणार होती. तरी घेतली. खोलीवर येऊन शेंगांच्या शिरा काढत बसले. हे काम खरं तर दोघींनी करायचं असतं, एकीने सोलायचं आणि एकीने बोलायचं. एकटीने केलं की ते लवकर संपतं आणि पुढचा वेळ तसाच पडून राहतो.

मंगळवार माझ्या सुट्टीचा. इथल्या एका मोठ्या बागेचं आणि तिच्यातल्या क्रीडाकेंद्राचं काम मी पाहते. लोकांची सुट्टी ती माझी कामाची वेळ. शनिवारी, रविवारी, सणावाराला, संध्याकाळी मी कामावर असते, आणि मी मोकळी होते तेव्हा अख्खं शहर कामाला गेलेलं असतं. मैत्रिणी सिनेमाला बोलावतात त्या नेमक्या रविवारी. आता बोलवायच्याही थांबल्या. दुपारी खोलीत पडलं की जिन्यावर कोणाचं पाऊलही वाजत नाही. लोकांना फुरसत पुरवायचा धंदा पत्करला की हे ओघाने आलंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती करायची कोणाकडे?

आमच्या पालघरकडची थंडी ही काही इथल्यासारखी हाडं गोठवणारी नसते. समुद्र जवळ, त्यामुळे ती पाहुण्यासारखी येते आणि चहा घेऊन जाते. पहाटे माकुणसार गावाच्या बाजूने निघालं की खाडीकाठच्या खाजणावर धुकं असतं, ताडाच्या डोक्याला ताडीची मडकी लटकलेली असतात. बोईसर आलं की त्याच धुक्यात कारखान्यांचा वास खाली बसलेला. थंडीत तो वर जात नाही, माणसाच्या उंचीवरच रेंगाळतो. बाहेरचे लोक नाकाला रुमाल लावतात. आम्हाला तो आला की घर जवळ आल्यासारखं वाटतं, आता याला काय करणार.

दर थंडीत मला एकच थंडी आठवते. आई त्याआधीच्या पावसाळ्यात गेली होती. बाबा दिवाळीच्या सुमाराला निवृत्त झाले होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत त्यांचं सगळं आयुष्य पाळ्यांमध्ये गेलं होतं, त्यातही नाइट जास्त, कारण नाइटला माणसं मिळत नाहीत आणि बाबांना नाही म्हणता येत नाही. मी पुण्याला शिकत होते. शेवटचं वर्ष होतं, आणि प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाने आपापल्या गावी जायचं होतं. म्हणून मी बोईसरला आले. प्रात्यक्षिक संपलं की परत जायचं, परीक्षा द्यायची, मग नोकरी जिथे नेईल तिथे. आणि बाबा? दोन खोल्यांत त्यांना एकटं ठेवून मी जाणार कशी, हा एकच प्रश्न त्या थंडीभर माझ्याबरोबर जेवायला बसायचा.

त्यात माझ्या अभ्यासाची गंमत अशी, की विषयच मुळी फुरसत हा होता. मनोरंजन, उद्यानं आणि फुरसतीच्या सेवा. नाव सांगून झालं की समोरचा थोडा वेळ थांबायचा, आणखी काहीतरी येईल म्हणून. आमच्या माकुणसारच्या आत्याने तर स्पष्टच विचारलं, की म्हणजे तू बागेत शिट्टी मारणार का, पोरं गवतावर गेली की. दुसरे एक काका म्हणाले, खेळायचं शिकायला पुण्याला कशाला, आम्ही इथेच फुकट शिकलो. मी हसायचे. मनातून मात्र लागायचं. कारण मी हा विषय का घेतला ते मला तरी कुठे धड सांगता येत होतं? बारावीनंतर जिथे जागा मिळाली तिथे शिरले, आणि मग पहिल्याच आठवड्यात त्यात अडकले.

त्या अभ्यासात काय काय होतं. बाक कुठे ठेवला की माणूस बसतो आणि कुठे ठेवला की बसत नाही. माणसं मैदानाच्या मधे कधी बसत नाहीत, कडेला बसतात, पाठीशी झाड किंवा भिंत घेऊन. म्हाताऱ्यांना उतार नको असतो, पोरांना उतारच हवा असतो. झोपाळ्याखालची माती किती मऊ असावी, गर्दीत मूल हरवलं तर पहिली हाक कुठून द्यावी, आंधळ्या माणसाला बाग कशी दाखवावी. मला हे सगळं फार आवडायचं. जगात कोणीतरी एवढ्या गंभीरपणे दुसऱ्याच्या मजेचा विचार करतं, हेच मला नवीन होतं.

आमच्या एक मॅडम होत्या, केस पिकलेले, आवाज मैदानावरचा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुमच्या घरात सगळ्यात जास्त फुरसत कोणाला असते? कोणी आजोबा म्हणालं, कोणी धाकटा भाऊ. एकीने मांजर सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, आमच्याकडे फुरसत झोपेत जाते. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

पुढे एकदा मैदानावर तास होता, क्रिकेट खेळत होतो. चेंडू उडाला, मी झेल घेतला, आणि हात वर करून उभी राहिले. नुसती उभी. खेळ चालूच राहिला, कारण कोणाला कळलंच नाही. मॅडम जवळ आल्या आणि म्हणाल्या, अगं, झेल घेतल्यावर माणूस ओरडतो. मी ओरडायचा प्रयत्न केला. घशातून काही आलंच नाही. मुली हसून लोळायच्या बाकी राहिल्या. कुठची गं तू, बोईसरला आवाजावर बंदी आहे का, असं त्यातल्या एकीने विचारलं. वसतिगृहात मग बरेच दिवस मला सगळ्या खुणेनेच बोलवायच्या, चेष्टा म्हणून. त्यांना वाटलं मी लाजाळू आहे. लाजाळू नव्हते मी. मी नाइटवाल्याची मुलगी होते.

आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक सगळेच पाळीवाले. कंपनीतून प्रत्येकाला साबण, गूळ आणि पिवळा नॅपकिन मिळायचा. सगळ्यांच्या घरी तेच पिवळे नॅपकिन. रात्रपाळी करून माणूस सकाळी आला, आंघोळ करून, जेवून झोपला की त्याची बायको दाराच्या कडीला बाहेरून नॅपकिन लावायची. म्हणजे इथे नाइटवाला झोपलाय. मग त्या दारासमोर कोणी बादली आपटायची नाही, भांडायचं नाही, फेरीवाल्याने हाक द्यायची नाही. खिडक्यांना आतून काळे पडदे. आमच्या घरात दिवसा कायम दिवेलागण झालेली असायची.

पण पोरांना खेळायला तर हवंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत, रविवारी, शाळा सकाळची असेल तेव्हा दुपारी, आम्ही अंगणात उतरायचो आणि मुक्याने खेळायचो. चेंडू जुन्या मोज्यात कोंबून वर गाठ मारायची, म्हणजे टप्पा पडला तरी आवाज होत नाही. बॅटीला खाली चिंध्या बांधायच्या. आउट झालं की हात वर. नाही वाटलं तर मान हलवायची. भांडण झालं तरी खुणेनेच, दात-ओठ खाऊन, एकमेकांच्या शर्टाला धरून, आणि हसू आलं तर तोंड कोपरात खुपसायचं. कोणी चुकून ओरडलं तर गॅलरीत एखादी आई नुसती येऊन उभी राहायची. तेवढं पुरायचं. आम्हाला यात काही वेगळं वाटायचं नाही. सगळ्या जगातली पोरं दुपारी अशीच खेळत असणार, अशी माझी समजूत होती.

बाबांना मी लहानपणी जागं असं फार कमी पाहिलं. ते म्हणजे पडद्याच्या आतला एक श्वास होता. आई त्या श्वासाच्या राखणीला बसलेली असायची, दाराशी, मांडीवर सूप घेऊन. वालपापडी निवडायची तीही आवाज न करता. वर्षातून एकदा थंडीत, बाबांची सुट्टी आणि माझी सुट्टी जुळली तर, माकुणसारला आत्याच्या वाडीत उकडहंडी व्हायची. मडक्यात वालपापडी, कोनफळ, रताळी भरून, मडकं उलटं ठेवून भोवती पेटवायचं. तेवढ्या एका दिवशी आई मोठ्याने बोलायची. तिचा खरा आवाज इतका मोठा आहे हे मला दर वर्षी नव्याने कळायचं.

आणि आता बाबा कायमचे सुट्टीवर होते. मी घरी आले तेव्हा त्यांच्या दिवसाचा काही आकार उरला नव्हता. रात्री झोप नाही, दिवसाही नाही. कंपनीची बस नाक्यावर यायच्या वेळेला ते चपला घालून नाक्यावर जात. बसमधल्या कोणाला हात करत. बस गेली की परत येत. दुपारी जेवण झालं की काळा पडदा ओढून कॉटवर आडवे होत, डोळे उघडे ठेवून. विचारलं तर म्हणत, "सवय हाय." त्यांना काय हवंय हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, तर मला कुठून कळणार?

मी ठरवलं, जे शिकले ते आधी घरात वापरू. मॅडमनी सांगितलं होतं, प्रात्यक्षिकात कोणाला काही विचारू नका, माणसं मोकळ्या वेळात काय करतात ते नुसतं बघा. मला केळव्याचा किनारा बघायचाच होता, तर बाबांना घेऊन गेले. रविवार होता. मुंबईची माणसं गाड्या भरभरून आलेली, पोरं वाळूत लोळत होती, घोडागाडीवाले फेऱ्या मारत होते. सुरूच्या झाडांखाली मी बाबांना बसवलं. ते समुद्राकडे पाठ करून, गाड्या लागतात त्या रस्त्याकडे तोंड करून बसले, मांडीवर पिशवी घट्ट धरून. थोड्या वेळाने म्हणाले, "सुटायचं कधी?" पाळीवरून सुटतात तसं. पुढे कोळीवाड्याकडे एक बाई बांबूच्या दांड्यांवर बोंबील लावत होती. मॅडमचं न ऐकता मी तिला विचारलं, की मावशी, फुरसतीच्या वेळात काय करता? ती म्हणाली, "फुरसद? मासली सुके तवर बसलोच हाय ना आमी." आणि स्वतःच हसली. बाबा तिथे मात्र रमले. तिच्या बोंबलांवरचे कावळे ते आम्ही निघेपर्यंत हाकलत राहिले. अख्ख्या केळव्यात त्यांना आवडलं ते तेवढंच.

मग एका संध्याकाळी कोळगावला नेलं. जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या त्या मोठमोठ्या इमारती, पुढे मोकळी जागा, हिरवळ. लोक फिरायला येतात, फोटो काढतात. बाबा कपड्यांना इस्त्री करून निघाले होते. तिथे पोचल्यावर त्यांनी खिशातून आधार कार्ड काढून हातात धरलं आणि विचारलं, "कोणाला भेटायचं हाय?" मी म्हटलं, कोणालाच नाही, नुसतं फिरायचं. ते हिरवळीच्या कडेकडेने चालले, पाय गवताला लागू न देता, आणि कार्ड शेवटपर्यंत हातातच राहिलं. बोईसरच्या बागेत गेलो तर तिथे त्यांनी सगळे नळ तपासले. एक गळत होता तो घट्ट बंद केला. प्लांटमध्ये राउंड मारतात तसा राउंड मारून ते फाटकाशी येऊन उभे राहिले.

परतताना म्हणाले, "मला कशाला फिरवतेस बाय? तुजा अभ्यास कर."

मी म्हटलं, "हाच माझा अभ्यास आहे, बाबा."

ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि तेही मी गंमत केली असं वाटून. मला मात्र रडू येत होतं. जगाला फुरसत शिकवायला निघालेली मी, आणि घरातल्या एका माणसाला बसायला जागा सापडेना.

त्याच सुमारास एकदा जेवताना ते म्हणाले, "पोरं गेली वाटतं सगळी बिल्डिंगीतली." मी म्हटलं, कुठे जातील? ते म्हणाले, "मग आवाज नाय तो? नाइटला होतो तेव्हा पडल्याबरोबर मेल्यासारखी झोप लागायची, आवाज काय, भूकंप झाला तरी नाय कळणार. आता दुपारचा कान देऊन पडतो. वाटतं, पोरं खेळतील, ओरडतील, तेवढीच सोबत. एक आवाज नाय." मी म्हटलं, हल्लीची मुलं मोबाइलवर असतात हो. आमच्या अभ्यासात तसंच होतं. बाबांनी मान डोलावली आणि ताटातलं वालाचं बी बोटाने कडेला सारत राहिले. त्यांचं दुःख मी अभ्यासातल्या एका वाक्याने मिटवून टाकलं आणि उठून ताट घासायला गेले.

माझ्या दुपारी बाहेर जायच्या, कधी बागेत, कधी मैदानावर, कधी तलावाच्या काठी. त्यामुळे दुपारची आमची बिल्डिंग मी इतक्या वर्षांत पाहिलीच नव्हती. एका दुपारी बोईसरच्या त्या बागेवर गेले तर फाटकाला कुलूप. दुपारी बाग बंद ठेवायची तिथली रीत होती, झाडांना पाणी घालतात म्हणून. बाहेरच्या भिंतीला टेकून चार-पाच कामगार बसले होते, एक तर पुठ्ठा अंथरून झोपला होता. त्यातला एक मला म्हणाला, "खोली में अभी दूसरी शिफ्टवाले सोए हैं, दीदी. हमारी बारी शाम को आएगी." पाळीवाल्यांची फुरसत दुपारी असते आणि बाग दुपारी बंद असते, हे त्या भिंतीशी उभं राहून मला दिसलं. पण बघायला माणसंच आत नव्हती, म्हणून मी लवकर घरी वळले.

आमच्या फाटकातून आत शिरले आणि जागच्या जागी थांबले. अंगण पोरांनी भरलेलं होतं. उन्हात, थंडीच्या त्या पिवळ्या उन्हात, मुलं क्रिकेट खेळत होती, आणि कसलाही आवाज नव्हता. दोन वेण्यांच्या एका मुलीने चेंडू टाकला. तो निळ्या मोज्यात होता. बॅट फिरली, कोणीतरी झेलला, आणि सगळ्यांचे हात एकदम वर गेले. बॅटवाल्याने जोरजोरात मान हलवली. एकजण कोपरात तोंड खुपसून हसत होता. मला वाटलं मी माझंच लहानपण बघते आहे, भिंतीच्या बाहेरून.

मी त्या मुलीला हळूच विचारलं, असं मुक्याने का खेळता गं? ती माझ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाली, "वरचे काका नाइटवाले हायत ना. झोपलेत."

मी म्हटलं, "अगं, ते कामावर जातच नाहीत आता."

"मग नॅपकिन कशाला लावलाय?" ती म्हणाली.

मी वर पाहिलं. आमच्या दाराच्या कडीला पिवळा नॅपकिन होता. धुतलेला, नीट घडी मोडून लावलेला. बाकी एकाही दाराला नव्हता. आमच्या वेळचे नाइटवाले केव्हाच सोडून गेले होते, नवीन लोकांनी ती रीत ठेवली नव्हती. अख्खी बिल्डिंग एका माणसासाठी गप्प होती, आणि तो माणूस पडद्याआड कान देऊन पडला होता.

शैलाकाकू आमच्या शेजारच्या, आईच्या जिवाभावाच्या. बाबांना दुपारी भाजी आणून द्यायच्या, आणि ते आडवे झाले की जाताना बाहेरून नॅपकिन लावून जायच्या. संध्याकाळी चहाच्या वेळेला काढायच्या. बाबांना कळायचं कारणच नव्हतं, दुपारी ते दार उघडतच नव्हते. मी काकूंना विचारलं तेव्हा त्या निवडत असलेल्या तांदळातून वर न बघता म्हणाल्या, "तुजी आई दवाखान्यात सांगून गेली ना मला. ह्यांची दुपारची झोप तेवढी सांबाळ म्हणून. मी नाय लावला तर कोण लावील?" पोरांना त्यांनीच शिकवलं होतं. मोजे पण त्याच द्यायच्या, त्यांच्या मुलाचे जुने.

मी पुन्हा आमच्या दाराशी आले. नॅपकिनला लावलेला हात तसाच तिथे राहिला. आईची शेवटची काळजी होती ती. तिने स्वतःच्या औषधाचं काही सांगितलं नव्हतं, माझ्या लग्नाचं काही सांगितलं नव्हतं, हे सांगितलं होतं. तो काढायचा म्हणजे तिच्या हातातून काहीतरी काढून घ्यायचं. मला तिची फार आठवण आली. पण ती असती तर, बाबा आता झोपत नाहीत हे तिला पहिल्याच दिवशी कळलं असतं. तिने स्वतःच काढला असता. मी तो काढला, घडी केली, आणि काकूंच्या हातात दिला. बाबा दुपारी जागेच असतात, पोरांचा आवाज ऐकायला पडून राहतात, एवढंच सांगितलं. मग त्यांनी तो आपल्या कपाटात, चांगल्या साड्यांच्या वर, ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं आली. सगळ्यांनी वर दाराकडे पाहिलं. नॅपकिन नव्हता. आणि त्यांनी मोज्यातलाच चेंडू काढला आणि मुक्यानेच खेळायला लागली. सवय. मी खाली उतरले. म्हटलं, आजपासून ओरडलात तरी चालेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यांना काहीतरी वंगाळ करायला सांगते आहे. दोन वेण्यांची म्हणाली, काय ओरडू? मग मी त्यांच्यातच उभी राहिले, भिंतीपाशी. थोड्या वेळाने चेंडू उडून माझ्याकडे आला, मी झेलला, आणि माझा हात वर गेला. नुसता हात. पुण्याच्या मैदानावर गेला होता तसाच.

तिथे उभी असताना मला स्वतःचीच चीड आली. मी डोळे मिटले आणि ओरडले. "आउट!"

फाटका, चिरका आवाज निघाला. भिंतींना लागून परत आला. पोरं दगड झाली. सगळ्यांचे डोळे वर आमच्या दाराकडे. खिडकीतला काळा पडदा हलला. मग दार उघडलं आणि बाबा गॅलरीत आले, बनियनवर, डोळ्यांवर उन्हामुळे हात धरून. मुलीने चेंडू पाठीमागे लपवला. "सॉरी काका," ती म्हणाली.

बाबा कठड्याला धरून खाली बघत राहिले. एकेका पोराकडे बघत होते, मोजत असल्यासारखे.

"कुठे होता रे तुमी सगळी?" ते म्हणाले.

"इथेच," मुलगी म्हणाली. "रोज इथेच असतो, काका."

बाबांचा चेहरा मला खालून नीट दिसत नव्हता. ते जिना उतरून खाली आले, अनवाणी. मुलीपुढे हात केला. तिने घाबरत चेंडू दिला. त्यांनी तो दाबून बघितला, मोज्याची गाठ बोटाने चाचपली, आणि तिला परत दिला.

"मोजा काढ पयला त्याचा," ते म्हणाले.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. पोरांना ओरडायला शिकायला आठवडा लागला आणि मग ती थांबेनात. बाबांनी काळा पडदा काढून त्याची पायपुसणी केली. खुर्ची गॅलरीत आली. पंच व्हा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, पण वाद झाला की सगळे वर बघायचे आणि बाबा निकाल द्यायचे. दुपारी बाग उघडी ठेवावी असं मी प्रात्यक्षिकाच्या शेवटी मांडलं. मॅडमना ते आवडलं, बागेला अजून दुपारी कुलूपच असतं. थंडी सरत आली तेव्हा मी निघाले. निघायची वेळ दुपारची होती. बाबा नाक्यापर्यंत आले नाहीत. त्यांनी गॅलरीतूनच हात केला, कारण खाली शेवटची जोडी खेळत होती. मला वाईट वाटलं, आणि एवढं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर नोकरी, ही नोकरी. हे शहर, ही खोली. माझ्या बागेत रोज शेकडो माणसं येतात, आणि ती बरोबर जागी बसतात, कारण बाक मी लावलेत. दुपारी बाग उघडी असते, यासाठी मी इथे भांडले. फाटकाशी मी उभी असते तेव्हा लोक मला ओळखून हसतात आणि आपापल्या माणसांकडे जातात.

आज वालपापडी सोलून झाली तेव्हा बाबांना फोन लावला. तिकडची आली का, विचारलं. म्हणाले, आली की, शैलाने दिली, शिजवली पण. आवाज चांगला होता. मागे इतका गोंगाट, की त्यांना दोनदा विचारावं लागलं, तू जेवलीस का. मी म्हटलं, जेवते आता. मी एकटीच आहे हे सांगणार होते, या वेळेला सांगायचंच असं ठरवलं होतं. एवढ्यात मागे एकदम कालवा झाला.

"थांब हां बाय," बाबा म्हणाले. आणि लगेच, लांबून, माझ्याशी नाही, "टप्पा पडलेला रे, नॉटाउट! मी बघितलं ना."

फोन त्यांनी कठड्यावर ठेवला असावा. बंद करायचं राहिलं. मी माझा फोन सोललेल्या शेंगांच्या ताटाशेजारी ठेवला आणि ऐकत बसले. चेंडू भिंतीला लागत होता, कोणीतरी कोणाला खोटारडा म्हणत होतं. बाबा हसत होते. मधेच एक जोराची आरोळी झाली, बहुतेक झेल होता, आणि इकडे खोलीत माझा हात आपोआप वर गेला, आवाज न करता. उन्हं उतरेपर्यंत बाबांना फोनची आठवण झाली नाही. मीही तो बंद केला नाही.